एकशे अठरा किलोचा स्वच्छ आवाज

निकाल आधीच सांगून टाकतो. रविवार, १७ फेब्रुवारी २०३० रोजी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी जगातल्या एकोणीस लाख इलेक्ट्रिक गिटारी एकाच क्षणी बारीक झाल्या. म्हणजे लाकूड होतं तेवढंच राहिलं, आवाज बारीक झाला. ऐझॉलच्या एका चर्चमध्ये प्रार्थना चालू होती, मनिलात एक लग्न लागत होतं, मेलबर्नमध्ये एक दंतवैद्य सुट्टीच्या दिवशी हौसेनं वाजवत बसला होता. तिन्हीकडच्या गिटारवाल्यांनी आधी आपापल्या वायरीकडे आणि मग शेजारी उभ्या असलेल्या नातेवाइकाकडे संशयानं पाहिलं.

तर, असं काहीही झालेलं नाही. कंपनीच्या निवेदनात तसं स्पष्ट लिहिलंय आणि त्या निवेदनाखाली माझी सही आहे. त्यामुळे काहीच झालं नाही असं धरून पहिल्यापासून सुरुवात करू.

मी अकलंक उपाध्ये, वय चोवीस, राहणार जयसिंगपूर. घरी अक्कू म्हणतात. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. लग्नात गिटारवाल्याचं स्थान साधारण पंगतीतल्या पापडासारखं असतं. नसला तर कुणी विचारत नाही, पण असला तर कुरकुरीत असावा अशी अपेक्षा असते. मला कुरकुरीत नको होतं. मला स्वच्छ आणि भरलेला आवाज हवा होता.

ज्यांनी आयुष्यात कधी गिटार ॲम्प्लिफायरला जोडली नाही त्या सुखी लोकांसाठी थोडं सांगतो. ॲम्प्लिफायरला गेन नावाचं एक बटण असतं. ते खाली ठेवलं की आवाज स्वच्छ येतो, पण पातळ. ऐन वेळी पाव्हणे वाढले म्हणून पाणी घातलेल्या आमटीसारखा. वर नेलं की आवाज भरतो, पण फाटतो. दोन्ही एकदम हवं असेल तर जुन्या पद्धतीचा, व्हॉल्व्हचा मोठा ॲम्प्लिफायर लागतो. त्याच्या अंगात गरजेच्या चौपट ताकद असते, त्यामुळे जोरात चालवला तरी तो फाटत नाही. जरासा दबतो, आवाजाची टोकं गोल होतात, आणि स्पीकर खोलीतली हवा ढकलतो. आपण ज्याला भरलेपणा म्हणतो तो बराचसा त्या ढकललेल्या हवेत असतो. असा ॲम्प्लिफायर घरात लावला की शेजारी घर विकायला काढतात.

म्हणून मॉडेलर निघाले. मॉडेलर म्हणजे ॲम्प्लिफायरची नक्कल करणारी डबी. विहिरीच्या काठावर टाळी वाजवली की घुमण्यावरून विहीर केवढी, पाणी किती, हे जाणत्या माणसाला कळतं. डबी तेच करते. खऱ्या ॲम्प्लिफायरमधून खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत एक लांब शीळ सोडते, समोरच्या माइकवर काय परत येतं ते ऐकते, आणि ॲम्प्लिफायरनं, स्पीकरनं आणि खोलीनं मिळून त्या शिळेचं काय केलं याचं गणित मांडते. ते गणित म्हणजे प्रोफाइल. पुढे तुम्ही काहीही वाजवा, ते त्या गणितातून गाळून बाहेर पडतं.

२०२८ साली एस्टोनिया देशातल्या टार्टू गावच्या एका कंपनीनं याच्या पुढचा प्रकार काढला: जिवंत प्रोफाइल. त्यांचं म्हणणं असं की, एकदा घेतलेलं प्रोफाइल म्हणजे ॲम्प्लिफायरचा पासपोर्ट फोटो. खरा ॲम्प्लिफायर रोज वेगळा असतो. दमट हवेत फुगतो, उन्हात सुकतो. म्हणून त्यांनी मूळ ॲम्प्लिफायरजवळ कायमची चिकटवून ठेवायची एक पट्टी दिली. ती दर मिनिटाला, माणसाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, शीळ घालायची आणि ताजं गणित टार्टूला पाठवायची. तिथून ते जगभरच्या डब्यांत जायचं.

मी ती पट्टी मामांच्या गोडाऊनमध्ये लावली.

माझे मामा म्हणजे भरतेश मगदूम, मगदूम साऊंड सर्व्हिसचे मालक. त्यांच्याकडे एक व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर होता, बंद पडलेल्या एका टुरिंग टॉकीजच्या सामानातून आणलेला. आता मामांच्या धंद्यातली एक पद्धत सांगायला हवी. लग्नात साऊंडवाल्याचे खरे शत्रू म्हणजे नवऱ्या मुलाचे मित्र. ते येतात, ‘जरा वाढवा की ओ’ म्हणतात आणि उत्तराची वाट न बघता दिसतील ती बटणं उजवीकडे फिरवतात. यावर मामांनी सत्तावीस वर्षं एकच उपाय केला. ॲम्प्लिफायरच्या पुढ्यात प्लॅस्टिकची खुर्ची टाकायची आणि तिच्यात बसायचं. मामांचं वजन एकशे अठरा किलो. ज्याला बटणापर्यंत पोचायचंय त्यानं आधी मामांना वळसा घालावा. तेवढ्यात वरात निघून जायची.

मी शीळ सोडली त्या दिवशीही मामा सवयीनं खुर्ची टाकून बसले. बरोबर माइक आणि स्पीकरच्या मध्ये. दुसऱ्या कुठल्याही देशात त्या माणसाला कुणीतरी ‘जरा उठा’ म्हटलं असतं. मला त्यात वावगं काही दिसलंच नाही. ॲम्प्लिफायर म्हटला की पुढे मामा असायचेच.

प्रोफाइल तयार झालं. मी गिटार डबीला जोडली आणि एक तार छेडली. खपली गव्हाची खीर नीट आटून आल्यावर पळीवरून जशी पडते तसा तो आवाज पडला. कुठे फाटला नाही, कुठे पातळ झाला नाही. मी वाजवत राहिलो. चौथ्या मिनिटाला तो अचानक पत्र्याच्या डब्यासारखा वाजायला लागला. मान वर करून पाहिलं तर खुर्ची रिकामी.

“मामा! कुठं गेलाय?”

“चहाला. का रे?” बाहेरून आवाज आला.

“परत येऊन बसा की.”

“चहा घेतो आणि येतो.”

“आत्ता बसा!”

मामा बसले. आवाज भरला. मामा उठले. आवाज वाळला. असं अकरा वेळा केल्यावर मामा म्हणाले, “अक्कू, तुझा प्रयोग चाललाय का माझा व्यायाम? गुडघ्यात काय राम राहिलाय का लेका?”

टार्टूच्या शास्त्रज्ञांनी पुढे याचा खुलासा केला. माणसाच्या शरीरात बरंचसं पाणी असतं. सेकंदाला तीनेक हजार कंपनांच्या आसपासचा जो चिरका भाग कानाला टोचतो तो मामांच्या सदऱ्यात, मांसात आणि चरबीत मुरत होता. उलट मामांची छाती, पोट आणि खुर्चीखालची पोकळी मिळून एकशे दहा कंपनांना हळूच घुमत होती. नेमका तोच गिटारच्या पाचव्या तारेचा सूर. थोडक्यात, निसर्गानं आणि मामींनी मिळून तीस वर्षं खपून एक वाद्य घडवलं होतं आणि आम्ही ते खुर्चीत ठेवत होतो.

मी ते प्रोफाइल जगासाठी खुलं केलं. प्रामाणिक माणूस असल्यामुळे सामानाच्या यादीत लिहिलं: व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर, बारा इंची स्पीकर, मामा. लोकांना वाटलं, मामा हे भारतात मिळणारं काहीतरी यंत्र असावं. तीन महिन्यांत डबीवर त्या नावाचं बटणच आलं. नॉर्वेतला एक जण दुसऱ्याला सल्ला द्यायचा, “गेन तीनवर ठेव, मामा सातवर.” दुसरा म्हणायचा, “सातवर जास्त होतो, माझ्याकडे खोली लहान आहे.”

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. आम्ही जैन. मामा दहाही दिवस एकाशन करतात, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण. सहाव्या दिवशी ऑस्लोहून निरोप आला, ‘सगळं ठीक आहे ना? खालचा सूर उदास वाटतोय.’ पर्व संपल्यावर मामींनी खीर केली. दुसऱ्या सकाळी ब्राझीलमधल्या एका गृहस्थांनी कळवलं की पहिला सूर लावताच त्यांना आई आठवली. क्षमावाणीच्या, म्हणजे वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायच्या दिवशी मामांनी माझ्याकडून डबीच्या सगळ्या मालकांना ‘उत्तम क्षमा’ लिहून पाठवली. तेव्हा ते चारच लाख होते. त्यातल्या बऱ्याच जणांनी उलट आमची क्षमा मागितली. कशाबद्दल, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सगळं छान चाललं होतं. मग २०२९ च्या जूनमध्ये मामा डॉक्टर कुंभोज्यांकडे गेले.

याला कारण होतं. श्रवणबेळगोळला दर बारा वर्षांनी महामस्तकाभिषेक होतो. डोंगरावर उभ्या असलेल्या बाहुबलींच्या त्या प्रचंड मूर्तीपर्यंत जायला सहाशेच्या वर पायऱ्या आहेत, खडकात कोरलेल्या, अनवाणी चढायच्या. २०१८ साली आमचं अख्खं खानदान वर गेलं. मामा गुडघ्यांमुळे खाली बसून बावीस जोड चपला राखत होते. डोलीवाल्यांना विचारलं, तर त्यांनी आधी मामांकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं, आणि चौघेही एकदम चहा प्यायला निघून गेले. आता २०३० चा सोहळा आठ महिन्यांवर होता. त्यानंतरचा बेचाळीस साली. तेव्हा मामा एकाहत्तर वर्षांचे असणार.

डॉक्टर कुंभोजे म्हणाले, “चोवीस किलो कमी करा, स्वतःच्या पायांनी चढाल. नाहीतर ह्या वेळीही चपला.”

मामा घरी आले आणि मामींना म्हणाले, “त्रिशला, उद्यापासून तूप बंद.” तीस वर्षांत त्या घरात इतकी शांतता पसरली नव्हती.

पट्टीच्या गणितात मामांची घट दिसताच टार्टूच्या कंपनीतून लीसबेट नावाच्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्या एस्टोनियन बोलायच्या, आणि भाषांतराचं यंत्र लग्नपत्रिका वाचून मराठी शिकलेलं असावं. “आमचे येथे श्रीकृपेकरून,” बाई म्हणाल्या, “आपल्या मामांचे वजन एक किलोहून अधिक घटू नये अशी सर्वांची इच्छा आहे. पुढील वर्षी आपणास वादनासाठी टार्टूस सन्मानपूर्वक पाचारण करण्याचे योजिले आहे. कृपया आहेर आणू नये.”

मी मामांकडे पाहिलं. मामा भिजवलेले मूग मोजून खात होते.

इथून पुढचा भाग माझ्या चारित्र्याला शोभणारा नाही. माझं नाव अकलंक आहे, तेव्हा जपून सांगतो. मी मामांच्या मुगाच्या कढणात तूप घालायला लागलो. रोज दोन चमचे. स्वतःला सांगायचो, हे जगासाठी आहे. खरं तर ते माझ्या पाचव्या तारेसाठी होतं. आयुष्यात पहिल्यांदा लोक पापड खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले होते.

सातव्या दिवशी मामींनी मला चमच्यासकट पकडलं.

“काय घालालास रे?”

“हिंग.”

“हिंग पातळ करून घालतात व्हय तुमच्यात?” मामींनी चमचा हातातून घेतला, हुंगला आणि ओट्यावर ठेवला. “रोज पाच किलोमीटर चालतंय ते माणूस. आठवड्यात दोनशे ग्रॅम वाढलं. काल मला म्हणालं, त्रिशला, माझ्या नशिबात चपलाच आहेत बघ.”

बोलण्यासारखं एकच होतं आणि ते तुपाबद्दल होतं.

“जा,” मामी म्हणाल्या. “जाऊन सांग त्यांना तुझ्या तोंडानं.”

मामा गोडाऊनमध्ये खुर्चीत बसले होते. मी सांगितलं. ते म्हणाले, “तरीच. मी म्हणतोय, कढण एवढं चवदार कसं व्हायला लागलं.”

“मामा, चुकलं माझं.”

“तुला काय वाटलं रे, मला कळत नाही? उठलो की तुझं तोंड एवढं होतंय. बत्तीस वर्षं आवाजाच्या धंद्यात आहे मी. तुझा आवाज चांगला आलाय, मला आवडतो. पण माझ्या पोटावर तू टार्टूला जाशील, मला ह्या गुडघ्यांवर डोंगर चढायचाय. माल एकच, गिऱ्हाइकं दोन. काय करायचं, सांग.”

“तुम्ही चढा.”

“बघ हं. परत हिंग नको.”

दुसऱ्या दिवसापासून मीही मामांबरोबर चालायला लागलो. नांदणी रस्त्यानं जायचं आणि यायचं. मामा वाटेत प्रत्येक ओळखीच्या माणसाला थांबून सांगायचे की आपण थांबू शकत नाही, घाईत आहोत.

कंपनीनं बदली मामा शोधायला सुरुवात केली. शिरोळहून एकशे एकवीस किलोचे पैलवान आणले. त्यांचं अंग इतकं कसलेलं की आवाज त्यांच्यावर आपटून परत यायचा. गिटार दगडी कुंपणावर घासल्यासारखी वाजली. पैलवान म्हणाले, “मी श्वास सोडू का? मघापासून धरलाय.” सोडल्यावर आणखी वाईट वाजली. पाण्याचं पिंप ठेवलं, ते प्रत्येक सुराला डुबुक करायचं. शेवटी टार्टूहून सिलिकॉनचे मामा आले, मोठ्या खोक्यात, मिशीसकट. वजन अचूक, घेर अचूक. आवाज शुद्ध सिलिकॉनचा. मामी आल्या, त्यांच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, “हे गप्प बसतंय का? मग कसं जमेल?” नंतर शास्त्रज्ञांनी मान्य केलं की मामा बसल्या बसल्या सतत कसलं ना कसलं हूं, हां, बरं असं पुटपुटत असतात, त्यानं छाती तापलेली राहते, आणि हे कुणी मोजलंच नव्हतं.

दरम्यान मामा महिन्याला तीन-तीन किलोनं उतरत होते आणि जगातल्या गिटारी त्यांच्याबरोबर ग्रॅमा-ग्रॅमानं बारीक होत होत्या. गंमत म्हणजे कुणाला कळलं नाही. कानाला सवय लागते. लोक रोज मामा थोडा थोडा वाढवत गेले. जानेवारीपर्यंत सगळ्यांची बटणं दहावर जाऊन टेकली होती.

फेब्रुवारीत मामा चौऱ्याण्णव किलो भरले. गोडाऊनमधली माझी डबी पट्टीला थेट जोडलेली होती, पण जगभरच्या डब्यांसाठी एक नियम होता. मूळ वस्तू जागेवर नसेल तर कंपनी शेवटचं गणित बहात्तर तास चालवत असे. रोजच्या ऊठ-बशीला आणि झोपेला ते पुरायचं. त्यानंतर जे समोर असेल ते खरं मानायचं, आणि समोर असणार होती रिकामी खुर्ची. मामा गुरुवारी अकरा चाळीसला खुर्चीतून उठून गाडीत बसणार होते. परत येणार सोमवारी रात्री.

लीसबेटबाईंनी मला एकट्याला फोन केला. “आपण मागे राहून दोन पोती गव्हासह खुर्चीत स्थानापन्न व्हावे, हाच आहेर व हीच भेट.” माझं वजन चोपन्न किलो. दोन पोती मांडीवर घेऊन मी चार दिवस बसलो असतो तर आवाज निदान निम्मा तरी राहिला असता. मी मामींना हे बोलून दाखवलं.

“बस की,” मामी म्हणाल्या. “मग डोंगरावर त्यांना हात कोण देणार? टार्टूची बाई?”

मी गाडीत बसलो.

रविवारी सकाळी आम्ही चढायला लागलो. मामा प्रत्येक पायरी मोठ्यानं मोजत होते. शंभरला थांबलो, दीडशेला थांबलो, दोनशे दहाला मामा म्हणाले, “बसू नको म्हण मला. बसलो की मी साऊंडवाला होतो.” मी म्हटलं, बसू नका. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो हात पूर्वीपेक्षा हलका होता, हे मला प्रत्येक पायरीला कळत होतं. खडक तापायला लागला होता. मागून एक आजी आमच्या पुढे गेल्या, वर पोचून परत खाली आल्या आणि मामांना म्हणाल्या, “आलंच बघा.” मामांनी त्यांना हात जोडले आणि तेवढ्यात विश्रांती घेतली.

पाचशे बारा. माझ्या खिशात फोन थरथरला. मी घड्याळ पाहिलं. अकरा एक्केचाळीस.

“वाजतंय तुझं,” मामा म्हणाले.

“वाजू दे.”

“टार्टू असंल.”

“असू दे की. पाचशे तेरा.”

फोन पाचशे साठपर्यंत वाजला, थांबला, परत वाजला. मग एकदम पायऱ्या संपल्या, आम्ही आत गेलो, आणि मामांनी मान वर केली. मूर्ती इतकी उंच आहे की ती करावीच लागते. मामा काही बोलले नाहीत. हूं नाही, हां नाही, बरं नाही. त्यांना इतका वेळ गप्प मी पहिल्यांदाच पाहिलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्या खिशातला फोन काढून घेतला आणि उचलला.

“मामासाहेब!” यंत्र ओरडलं. “एकोणीस लाख कुटुंबांवर दुःखाचा डोंगर कोसळला आहे!”

“ताई, मी डोंगरावरच आहे,” मामा म्हणाले. “आणि पायऱ्या किती ते मी मोजत होतो, तुमच्या फोननं शेवटी शेवटी चुकलो. आता खाली उतरून परत मोजायला लागणार.” त्यांनी फोन बंद केला आणि माझ्याकडे वळून विचारलं, “येशील ना उद्या?”

आम्ही सोमवारीही चढलो. सहाशे त्रेचाळीस भरल्या, पण मामांचं म्हणणं त्यात दोन माझ्यामुळे जास्त लागल्या.

तिकडे जगात काय झालं? निवेदनानुसार काहीही नाही. पण ऐझॉलच्या त्या चर्चमधल्या गिटारवाल्यानं दहा मिनिटं बटणं फिरवून पाहिली आणि शेवटी आपल्या थोरल्या काकांना स्पीकरपुढे खुर्ची टाकून बसवलं. प्रार्थना पुढे चालू झाली. त्यानं तो फोटो टाकला. आठवड्याभरात मनिलात कुणाची आत्या बसली, ऑस्लोत कुणाचे सासरे बसले, मेलबर्नच्या दंतवैद्यानं एका पेशंटला बसवलं. प्रत्येकाचा आवाज वेगळा. सासऱ्यांचा जरा खरखरीत येतो म्हणतात, पण उबदार. ज्या घरांत वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं तिथेही आता ‘जरा सरकून बसा’ एवढं तरी बोललं जातं. माझं टार्टूला जाणं अर्थातच रद्द झालं. लीसबेटबाईंनी स्वतःच्या आजीला बसवून एक प्रोफाइल काढलंय. ते ऐकलं. वाईट नाही.

मामा अजून रोज माझ्यापुढे बसतात. चौऱ्याण्णव किलोत माझी पाचवी तार भरत नाही, हे खरं आहे. ते दोन तास बसतात आणि मग चालायला जातात. त्यांना आता गिरनारचे वेध लागलेत. तिथं पायऱ्या दहा हजार आहेत. म्हणून मी खालील अर्ज रीतसर, तीन प्रतींत, टपालानं पाठवला आहे.

प्रति,
मा. नियंत्रक, वजने व मापे

विषय : एकाच इसमास दोन वजने मंजूर करणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, श्री. भरतेश मगदूम, रा. जयसिंगपूर, यांना विशेष बाब म्हणून कंबरेच्या वर एकशे अठरा किलो व कंबरेच्या खाली चौऱ्याण्णव किलो वजन एकाच वेळी धारण करण्याची परवानगी मिळावी. सदर वाढीव चोवीस किलोंचा भार गुडघ्यांवर न टाकता तो शासनाने सोसावा. प्रस्तुत प्रकरण पूर्वोदाहरण समजले जाणार नाही, अशी लेखी हमी अर्जदाराच्या मामी देण्यास तयार आहेत. गिरनारची तिकिटे काढलेली असल्याने निर्णय मुदतीत कळवावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
अकलंक उपाध्ये
(सोबत : गिटारची पाचवी तार, नमुन्यादाखल, एक नग.)